सर्वांत वेगवान चौकी आणि ओनचानची केळी

भात अर्धा शिजला होता. बांबूच्या शंकूच्या टोपलीत चिकट तांदूळ वाफेवर चढवलेला होता आणि आता तो उलटायची वेळ झाली होती. चिकट भाताचं असं असतं, अर्ध्यावर आला की टोपलीला एकच झटका देऊन अख्खा गोळा उलटा करावा लागतो, नाहीतर खालचा लगदा आणि वरचा कच्चा. ओनचाननं टोपली दोन्ही हातांत धरली, झटका देणार, इतक्यात फोन वाजला. नवरा होता, थोंगदाम. काल संध्याकाळीच तो केळ्यांची गाडी घेऊन सीमेवरच्या चौकीकडे गेला होता.

"गेट बंद आहे," तो म्हणाला.

"कुठलं गेट?"

"आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याचं! अगं चौकीचं. शुक्रवारपर्यंत एकही गाडी पलीकडे जाणार नाही."

"का? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. आपल्या चौकीला बक्षीस मिळालंय. सगळ्या देशात सर्वांत वेगवान चौकी म्हणून."

"मग?"

"मग काय? म्हणून बंद ठेवलीय."

ओनचाननं टोपली चुलीवरून उतरवून तशीच खाली ठेवली. "भात उलट गं," असं सुनेला ओरडून सांगितलं, चपला शोधल्या आणि रस्त्यावर येऊन सीमेकडे जाणाऱ्या सवारी टेम्पोला हात केला. रविवारी कापलेली केळी गुरुवारपर्यंत हिरवी राहतात. शुक्रवारी ती पिवळी व्हायला लागतात. आणि पलीकडची व्यापारीण पिवळ्या केळ्याला हात लावत नाही, कारण तिला ती आणखी तीन दिवस पुढे, समुद्राकाठच्या शहरात न्यायची असतात. गाडीत एकट्या ओनचानची केळी नव्हती. गावातल्या सोळा घरांची होती, आणि त्या सोळा घरांनी ती ओनचानच्या भरवशावर दिली होती, थोंगदामच्या नव्हे. हे थोंगदामलाही ठाऊक होतं आणि त्याला त्याचं फारसं वाईट वाटत नसे.

ओनचानचा जन्म झाला त्या वर्षी आभाळातून लोखंड पडत होतं. त्यातल्या एका बॉम्बचं कवच अजून तिच्या परसात आहे, त्यात कांद्याची पात लावलीय. लहानपणी ती वडिलांबरोबर याच वाटेनं सीमेपलीकडे चालत जायची, पाठीवर वेताच्या टोपलीत राळ आणि येताना मीठ. चार दिवस लागायचे. दोन चिखलाचे, एक जळवांचा, एक वडिलांच्या कुरकुरीचा. पुढे परदेशांतून मदत आली आणि डांबरी रस्ता झाला. चार दिवसांची वाट दीड तासावर आली. रस्त्याच्या उद्घाटनाला भिक्खूंनी परित्राणपाठ म्हटला, पाहुण्यांनी भाषणं केली, आणि सगळ्यांनी एकमुखानं कबूल केलं की आता व्यापार धावत सुटणार.

मग दीड तासाच्या रस्त्याच्या टोकाला चौकी उभी राहिली. चौकीत खिडक्या उघडल्या. जकातीची एक, रोपांच्या रोगांची एक, वाहनाची एक, चालकाची एक, वजनाची एक, आणि आधीच्या पाच खिडक्यांवर शिक्के झालेत की नाही हे बघणारी एक. तेव्हा राजधानीतून फर्मान निघालं की व्यापाऱ्यांची फरपट थांबवा, एक खिडकी योजना आणा. चौकीनं ताबडतोब आणली. ती सातवी. आता केळ्यांना सीमा ओलांडायला पुन्हा चारच दिवस लागू लागले. फरक इतकाच की पूर्वी पाय दुखायचे, आता बसून बसून कंबर धरते. याला प्रगती म्हणतात, आणि म्हणायलाच हवं, कारण फाटकावर तसा फलकच लावलाय: "आपला देश कोंडलेला नाही, जोडलेला आहे." फलकाखाली गाड्यांची रांग असते. कोंडलेली नव्हे. जोडलेली. एकीच्या मागे एक.

ओनचानला समुद्र कधी दिसलेला नाही. पण राजधानीचा जो कोणी येतो तो तिला समुद्राबद्दल सांगतो. "आपल्याला समुद्र नाही, हीच आपली अडचण," असं एक साहेब एकदा अंगणात सभा घेऊन म्हणाले होते, तेव्हा ओनचाननं मागून विचारलं होतं, "साहेब, समुद्र असता तर त्याला किती खिडक्या केल्या असत्या?" लोक हसले. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतरच्या अहवालात म्हणे "स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त सहभाग" असं आलं.

चौकीवर ओनचानला सगळे ओळखत, त्याला कारण तिचं अक्षर. गेली वीस वर्षं गावच्या विहारातली एक वही तिच्याकडे आहे: कोणत्या दिवशी कोणाच्या घरून भिक्खूंना भोजन जाणार, त्या पाळ्यांची. त्या वहीत चूक झाली तर एकतर भन्तेजी उपाशी राहतात किंवा तीन घरांतून एकच फणसाची भाजी येते. दोन्ही पाप. म्हणून ती एकेक आकडा कोरून लिहिते. वर्ष अर्थातच बुद्धाचं. दोन हजार पाचशे सदुसष्ट. सरकारी वर्ष वेगळं असतं हे तिला माहीत होतं, पण ते दूरच्या नातेवाइकाच्या नावासारखं. माहीत असतं, घरात कोणी त्याला हाक मारत नाही.

दोन महिन्यांपूर्वी चौकीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली एक यंत्र आलं. उंच, चकचकीत, काचेचं तोंड असलेलं. कुठल्याशा श्रीमंत देशानं भेट दिलं होतं. गाडी आवारात आली की व्यापाऱ्यानं स्वतःच त्या काचेवर बोटानं नोंद करायची: गाडीचा क्रमांक, माल, आल्याची तारीख. मग गाडी पलीकडे सुटताना जकातीचे साहेब आपल्या खोलीतल्या यंत्रावर सुटल्याची तारीख घालणार, आणि दोन्हींतलं अंतर राजधानीला आपोआप कळणार. म्हणजे कोणती चौकी किती वेळ खाते हे उघडं पडणार. फार उत्तम कल्पना. फक्त यंत्राचं स्वतःचं घड्याळ प्रवासात बिघडलं होतं, तेव्हा तारीख हातानं घालावी लागे.

पहिल्या दिवशी ड्रायव्हर त्या यंत्रापुढे उभे राहिले ते अस्वलापुढे उभं राहावं तसे. शेवटी पहारेकऱ्यानं हाक मारली, "ओनचानताई, तुम्ही विहाराची वही लिहिता ना? बघा बरं जरा."

ओनचान पुढे झाली. हात पदराला पुसले, काचेला मनोभावे नमस्कार केला, कारण नव्या वस्तूला तो करावा लागतो, आणि एकेक बोट ठेवत पहिली नोंद केली. दिवस, महिना. वर्ष: २५६७. यंत्रानं कुरकुर केली नाही. ते वर्ष त्यानं धरूनच ठेवलं. पुढच्या माणसानं फक्त दिवस आणि महिना बदलायचा. सगळे खूश. दोन महिने त्या चौकीत आलेली प्रत्येक गाडी बुद्धाच्या वर्षात आली. आणि साहेबांच्या खोलीतल्या यंत्रातून प्रत्येक गाडी गेली ती सरकारी वर्षात, दोन हजार चोवीसमध्ये.

हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ओनचानच्याही.

मंगळवारी दुपारी ती चौकीवर उतरली तेव्हा आवाराला रंग लागत होता. झाडांच्या बुंध्यांना पांढरा, दगडांना पांढरा, एका झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीलाही थोडा. गाड्या मात्र दिसेनात. एकही.

"गाड्या कुठायत?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"सिमेंटच्या गोदामामागे नेल्यात, ताई. एकतीस आहेत. साहेब म्हणाले, सर्वांत वेगवान चौकीत रांग दिसली तर पाहुण्यांना काय वाटेल?"

"आणि सोडायच्या का नाहीत?"

पहारेकऱ्यानं इकडेतिकडे बघितलं. "आकडा बिघडेल ना. आपला आकडा फार चांगला आलाय म्हणे. आता दोन दिवसांत एखादी गाडी रखडत सुटली आणि आकडा खाली आला तर? गुरुवारी दुपारी समारंभ, शुक्रवारी सकाळी गेट उघडणार. तोवर आकड्याला कोणी हात लावायचा नाही."

"शुक्रवारी गेट उघडणार, आणि मग सात खिडक्या."

"मग त्या आहेतच."

गोदामामागे थोंगदाम गाडीच्या सावलीत चटई टाकून पडला होता. ओनचाननं ताडपत्री वर केली, हात आत घालून अगदी तळाचा एक घड ओढला, नाकाशी धरला, आणि कोणाशी न बोलता परत ढकलला. बायका हे असं करतात तेव्हा नवऱ्यांनी उठून बसायचं असतं. थोंगदाम उठून बसला.

"अजून हिरवी आहेत," तो म्हणाला.

"वास यायला लागलाय."

"वास तुझ्या नाकाला येतो. यंत्राला येत नाही."

"व्यापारणीलाही नाक आहे."

चौकीचे प्रमुख सुलिवोंग साहेब राजधानीचे. समुद्र असलेल्या देशात शिकून आले होते आणि ते कोणी विसरू नये याची काळजी घेत. वाईट माणूस नव्हता. फक्त जे कागदावर दिसत नाही ते त्यांना दिसत नसे, आणि केळी काही कागदावर पिकत नाहीत. ओनचान दाराशी येताच ते खुर्चीतून उठले.

"अरे वा, मावशी! तुम्हालाच बोलवणार होतो. गुरुवारी पाहुणे येणार. मंत्रालयाचे, देणगीदार देशाचे, शिवाय वार्ताहर. त्यांना यंत्र चालवून दाखवायला सामान्य व्यापारी महिला हवी. तुमच्याहून सामान्य कोण मिळणार?"

"दाखवीन की, साहेब. पण माझी गाडी..."

"शुक्रवारी."

"शुक्रवारी माझी केळी लग्नाला आलेल्या पोरीसारखी पिवळी होतील."

"मावशी, देशाचा सन्मान आहे. केळी काय, पुन्हा लागतात."

"देशाचा सन्मान झाला की सोळा घरांना केळी परत लागतील?"

साहेब हसले. मोठी माणसं उत्तर नसलं की हसतात. लहान माणसांना ती सोय नसते. मग त्यांनी भिंतीवर टांगलेल्या चौकटीकडे अभिमानानं बोट दाखवलं. "हे वाचलंत? राजधानीहून आलंय."

ओनचाननं वाचलं. वर सोनेरी किनार, सिंहासारखं काहीतरी, आणि खाली छोट्या अक्षरांत एक तक्ता. देशातल्या सगळ्या चौक्यांची यादी, माल सोडायला लागणारा सरासरी वेळ: वर्षं, दिवस, तास. सगळ्यांत कमी वेळ ज्याचा, तो सगळ्यांत वर. दुसऱ्या क्रमांकाच्या चौकीपुढे होतं: वर्षं शून्य, दिवस दोन. आणि पहिल्या क्रमांकावर आपली चौकी. वर्षं: उणे पाचशे त्रेचाळीस. दिवस: चार.

बुद्धाच्या वर्षातून सरकारी वर्ष वजा केलं की किती उरतात हे काढायला विहाराची वही लिहिणाऱ्या बाईला बोटं मोजावी लागत नाहीत.

"साहेब, हे उणे काय आहे?" तिनं हळूच विचारलं.

"ती नुसती रेघ आहे. शोभेची. त्यांच्याकडे असतात."

ती बाहेर आली. म्हणजे असं होतं: या चौकीत येणारा माल यायच्या आधी पाचशे त्रेचाळीस वर्षं सुटत होता. केळीचं रोप लावणाऱ्याच्या खापरपणजोबाच्या खापरपणजोबाच्या जन्माआधीच केळी पलीकडे पोचत होती. त्या काळात या सीमेवर ना चौकी होती ना सीमा, तेव्हा वेग असणारच. आणि अख्ख्या राजधानीत, इतक्या शिकलेल्या माणसांत, कोणाला ते खटकलं नव्हतं. त्यांनी फक्त क्रमांक बघितला होता. पहिला.

थोंगदामला तिनं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला चटईवर आडवं व्हावं लागलं. "म्हणजे आपण मेलो नाही तोवर पाच-सात जन्म फिरून आलोय! भन्तेजींना विचार, मागच्या जन्मी केळ्यांना काय भाव होता."

"हसू नकोस. ही माझी चूक आहे."

"तुझी कसली? यंत्रानं घेतलं कशाला?"

"यंत्र बौद्ध नाही. मी आहे."

बुधवारी तळाचे तीन घड पोपटी झाले. ओनचाननं ते बाहेर काढून वेगळे ठेवले, कारण एक पिकलं की शेजारच्याला पिकवतं, माणसांसारखंच. थोंगदामनं बर्फ शोधला, मिळाला नाही. बाजूच्या, आल्याच्या गाडीच्या चालकानं सांगितलं की आलं कुजत नाही, तुम्ही आलं का नाही लावत?

गुरुवारी अष्टमी होती, म्हणजे उपोसथ, जादा शीलं पाळण्याचा दिवस. ओनचान पहाटेच चौकीमागच्या छोट्या विहारात गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या भन्तेजींसमोर गुडघे टेकून तिनं आठ शीलं घेतली. प्राणिहिंसा करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, ब्रह्मचर्य मोडणार नाही, आणि चौथं, खोटं बोलणार नाही. मग पाचवं नशेचं, सहावं दुपारनंतर न जेवण्याचं, पुढची दोन नाचगाण्याचं आणि उंच बिछान्याचं. चौथ्या शीलापाशी तिचा आवाज जरा थांबला. भन्तेजींनी डोळे उघडून बघितलं. ती पुढे म्हणाली. पांढरं उपरणं डाव्या खांद्यावर ठीक केलं आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब टाय बांधत होते. आरशात त्यांना ती दिसली.

"मावशी! छान, पांढऱ्यात आलात. फोटोत उठून दिसेल. पाहुणे साडेअकराला येतील. तुम्ही यंत्रापाशी उभं राहायचं, नोंद करून दाखवायची, ते काही विचारतील तर उत्तर द्यायचं."

"काय विचारतील?"

"असंच. यंत्र कसं वाटतं, फायदा झाला का, एवढा वेग कसा आला..."

"आणि मी काय सांगू?"

"सांगा, यंत्रामुळे."

"ते खोटं होईल, साहेब."

साहेबांनी टायची गाठ सोडली. ती चुकली होती. "खोटं कसं?"

"तो पाचशे त्रेचाळीस आहे ना," ओनचान म्हणाली, "तो माझा आहे."

तिनं सगळं सांगितलं. सांगायला वेळ लागला नाही, कारण दोषाची गोष्ट छोटीच असते. साहेबांनी मान वळवून चौकटीकडे बघितलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं. मग खुर्चीत बसले. शोभेच्या रेघेकडे ते आता असे बघत होते जणू ती वळवळायला लागली होती.

"हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"नवऱ्याला. तो हसला."

"आणि?"

"आणि कोणी विचारलं नाही."

"मग सांगू नका. मावशी, हात जोडतो. वार्ताहर येताहेत. देणगीदार येताहेत. दुसऱ्या टप्प्याचे पैसे याच आकड्यावर मंजूर झालेत. सांगू नका."

"मी होऊन नाही सांगणार, साहेब. मला काय पडलंय? पण त्यांनी विचारलं तर... आज आठ शीलं घेतलीत."

"आज एक दिवस..."

"आजच तर घेतलीत. उद्या विचारलं असतं तर रोजची पाचच असती, पण त्या पाचांतही हे आहेच. ते सुटत नाही."

"मग आजारी पडा!"

"तेही खोटंच."

"बरं, यंत्रापाशी उभ्या राहू नका. दुसऱ्या कोणाला उभं करतो. तुम्ही मागे गाडीत बसून राहा."

"राहते. पण तुम्हीच परवा वार्ताहराला फोनवर माझं नाव सांगितलंत म्हणे. पहारेकरी म्हणाला. तो शोधत आला तर मी लपायची नाही, साहेब. लपणंही एक प्रकारचं खोटंच, असं भन्तेजी म्हणतात."

हे भन्तेजी कधी म्हणाले होते की नाही हे ओनचानलाही नीटसं आठवत नव्हतं. पण ते म्हणाले असते, याबद्दल तिला शंका नव्हती.

साहेब उठून खिडकीशी गेले. "तुम्ही इथे नसायला पाहिजे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

"मी कुठे जाऊ? गाडी इथे. नवरा इथे. सोळा घरांची केळी इथे." ओनचाननं उपरणं सावरलं. "केळी पलीकडे असती तर मीही त्यांच्याबरोबर पलीकडेच असते, ही गोष्ट खरी आहे."

साहेब समुद्राच्या देशात शिकले होते, पण मूर्ख नव्हते.

पुढची वीस मिनिटं ओनचानच्या गावात अजून सांगितली जातात. साहेबांनी फुलांचे हार बाजूला सारले, ओनचानचे कागद स्वतःच्या हातात घेतले आणि स्वतःच्या पायांनी सात खिडक्या फिरले. रोपांच्या रोगाचा बाबू म्हणाला, केळी बघावी लागतील. साहेब म्हणाले, मी बघितलीत. वजनाचा बाबू म्हणाला, काटा झाकून ठेवलाय, रंग लागेल म्हणून. साहेब म्हणाले, मग वजन आहेच किती, लिहा. सातव्या, म्हणजे एक खिडकी योजनेच्या खिडकीपाशी बाबू जागेवर नव्हता, तो पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होता. तेव्हा साहेबांनी खिडकीतून हात आत घालून शिक्का स्वतःच मारला. वीस मिनिटं. त्या दिवशी ती चौकी खरोखरच देशात पहिली आली असती. पण नेमकी तीच एक गाडी यंत्रावर सुटलेली दाखवायची नव्हती.

गोदामामागून गाडी निघाली तेव्हा बाकीचे तीस ड्रायव्हर उभे राहून बघत होते.

"ए थोंगदाम! तुझी कशी काय सुटली?" आल्याचा चालक ओरडला.

थोंगदामनं खिडकीतून डोकं काढून खरं तेच सांगितलं. "बायकोनं शील घेतलं होतं!"

फाटकापाशी गाडी थांबली असता ओनचाननं बाजूच्या आरशात बघितलं. तीस ड्रायव्हरांपैकी आठ-दहा जण छोट्या विहाराकडे निघाले होते. कोणाच्या खांद्यावर पांढरा टॉवेल होता, कोणाच्या बनियन. एकानं तर ताडपत्रीचाच पांढरा तुकडा घेतला होता. धम्म असाच पसरतो, ती मनाशी म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग हसू आल्याबद्दल तिनं मनातल्या मनात क्षमा मागितली.

पलीकडच्या बाजाराच्या तोंडाशी व्यापारीण न्हान उभी होती. उंच, काटकुळी, डोक्यावर शंकूची टोपी. ती ओनचानची भाषा बोलते, पण फक्त भाव करण्यापुरती. दुःखाचे शब्द तिनं शिकलेलेच नाहीत. ती गाडीवर चढली, ताडपत्री उलटली आणि वरून खाली घडांवर हात फिरवत गेली.

"वरचं हिरवं. मधलं हिरवं. हे काय?" तिनं तळाचा एक घड वर काढला. "हे झेंडू."

"चौकी बंद होती."

"तुमची चौकी? ती तर पहिली आली ना? आमच्याकडे रेडिओवर सांगितलं."

"आली."

"मग केळी का पिवळी?"

ओनचाननं तिच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर फार मोठं होतं, आणि न्हानला त्यातल्या अर्ध्याहून जास्त शब्द येत नव्हते. "पहिलं यायला वेळ लागतो," ती म्हणाली.

न्हाननं चेहरा न बदलता घड परत ठेवला. मालाचे तीन वाटे धरून दोन घेतले. तिसरा वाटा, तळाचा, घेणार नाही म्हणाली. ओनचाननं हुज्जत घातली, कारण न घातली असती तर न्हानला संशय आला असता, पण मनात तिनं कबूल केलं की न्हानच्या जागी तिनंही हेच केलं असतं. सोळा घरांना आता सांगावं लागणार होतं की कोणाचा घड कुठल्या थरात होता ते तिला माहीत नाही, म्हणून तोटा सगळ्यांनी सारखा सोसायचा. आणि हे सांगताना रताळ्याच्या वाटणीवरून चार वर्षं बोलत नसलेल्या दोन बायका पुन्हा भांडणार होत्या. त्याला इलाज नव्हता. पण दोन वाटे हिरवे पोचले होते. गेटपाशीच राहिले असते तर तिन्ही गेले असते.

थोंगदामनं एक पिवळं केळं सोललं आणि तिच्यापुढे धरलं. "खा. ऊन डोक्यावर यायच्या आत."

तिनं सावलीकडे बघितलं, मग खाल्लं. गोड होतं. तिला ते मान्य करावंसं वाटेना, पण गोड होतं.

"आता तळाच्या घडांचं काय?" त्यानं विचारलं.

"तू गाडी सावलीत लाव," ओनचान म्हणाली, हात उपरण्याला न पुसता पदराला पुसले आणि केळ्याचे काप तळून विकणाऱ्या बाया बाजाराच्या कुठल्या गल्लीत बसतात ते विचारायला निघाली.